पांढऱ्या ठिपक्याची जोडी

काटेसाहेबांनी आधी थाप मारली आणि मग ती खरी करायला निघाले. क्रम उलटा होता, पण त्याला इलाज नव्हता.

झालं असं की एका रविवारी फोनवर ताईनं पुन्हा मागच्या खोलीचा विषय काढला. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दिवसभराच्या प्रवासावरच्या गावी, मुलाच्या संसारात राहायची आणि दर रविवारी न चुकता फोन करायची.

"निवृत्तीला फार दिवस नाहीत तुझ्या," ती म्हणाली. "मग तिथे एकटा काय भिंतींशी बोलणार आहेस? आहे कोण तुझं तिथे? आमची मागची खोली रिकामीच आहे."

मागची खोली काटेसाहेबांनी पाहिलेली होती. खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. कोपऱ्यात भाच्याची जुनी सायकल, दाराबाहेर दिवसभर घुर्र घुर्र करणारं कपडे धुण्याचं मशीन. भाचा भला होता, सूनबाईही भली होती. पण त्या खोलीत एकदा माणूस गेला की बाकीचं आयुष्य 'मामांचं जेवण झालं का?' एवढ्या एका प्रश्नावर येऊन बसणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. म्हणून ते पटकन बोलून गेले, "कोण कशाला पाहिजे? माझे मित्र आहेत की इथे. जिममधले."

"जिममधले?" ताईला हसू आवरेना. "तू आणि जिम?"

"वजनं उचलतो मी."

आता हे अगदीच खोटं होतं असं नाही. वजनं उचलण्याचाच तर पगार घेत आले होते ते. दुकानादुकानात जाऊन तराजू आणि वजनकाटे तपासायचे, किलो म्हणजे किलोच भरतो ना हे बघायचं आणि खोटा काटा सापडला की त्यावर सील मारायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी पितळी वजनांची एक लाकडी पेटी उजव्या हातात धरून ते उभ्या शहरात हिंडत. त्यांचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपुरतं उरलं होतं. काटेसाहेब हे नाव दुकानदारांनी पाठीमागे ठेवलेलं, आणि ते आपल्याला ठाऊक नाही असं दाखवण्याचं कसब साहेबांनी कमावलेलं होतं.

ते दुकानात शिरले की आतलं हसणं बंद व्हायचं. कुणी चहा पुढे करायचं, तो ते घेत नसत. कुणी खुर्ची पुढे करायचं, तीही नको. दुकानदाराच्या तोंडाकडे तर ते चुकूनही बघत नसत. तोंडाकडे पाहिलं की कीव येते आणि कीव आली की काटा नीट वाचता येत नाही, असा त्यांचा हिशेब. असा हिशेब आयुष्यभर चोख सांभाळला की माणसाची नोकरी निष्कलंक होते आणि वाढदिवसाला फोन फक्त बहिणीचा येतो.

तर थाप मारली होती. आता निदान तिला बूड तरी पाहिजे, म्हणून दुसऱ्याच दिवशी ते खरोखरीच जिममध्ये जाऊन दाखल झाले.

जिम म्हणजे टायरच्या दुकानामागचं एक जुनं गोदाम. चकचकीत काही नाही. बिडाच्या जुन्या प्लेटी, गंज आलेल्या दांड्या, एका भिंतीला डाग पडलेला आरसा. दाराशी स्टुलावर मालक बसायचा, मानेला मान म्हणावं की खांदा असा प्रश्न पडावा असा माणूस, त्याला सगळे उस्ताद म्हणत. काटेसाहेब दुपारची फेरी संपवून यायचे. त्या वेळी तिथे मोजकीच माणसं असत. त्यांत एक रुंद खांद्यांची, पंचेचाळिशीची बाई होती. तिचं हसणं टायरच्या दुकानापर्यंत ऐकू यायचं.

पण साहेब आत आले की ते हसणं थांबायचं. उस्ताद मोबाईल खिशात ठेवून सरळ बसायचा. बाकीचे आवाज खाली आणायचे. इथे भलतीच शिस्त आहे, असं साहेबांना वाटलं आणि त्यांना ती आवडलीही.

पहिल्या दिवशी उस्तादनं रिकामी दांडी कशी उचलायची ते दाखवलं. पाय किती अंतरावर, पाठ सरळ, दांडी पायांना घासत वर आणायची, ताठ उभं राहायचं, पुन्हा खाली. यालाच डेडलिफ्ट म्हणतात, एवढं सांगून तो अदबीनं दोन पावलं मागे सरकला आणि पुन्हा जवळ म्हणून आला नाही. साहेबांनी कोपरा धरला. आरशासमोर उभं राहायची लाज वाटायची, म्हणून भिंतीकडे तोंड.

रिकाम्या दांडीचे दिवस संपले आणि प्लेटी घालायची वेळ आली, तेव्हा ते थप्पीकडे गेले. बाकीच्यांनी आपापल्या उचलल्या होत्या. तळाशी दोन उरल्या होत्या. दोन्हींवर ओतलेला आकडा होता, वीस. एकीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका होता, दुसरीला पिवळा. छत रंगवताना उडाला असेल, साहेबांनी मनाशी म्हटलं आणि एक डावीकडे, एक उजवीकडे चढवली.

इथे कुणीही म्हणेल, ज्यानं जन्मभर कुणाच्या वजनावर विश्वास ठेवला नाही, त्यानं या आकड्यावर कसा ठेवला? त्याचं उत्तर सोपं आहे. दिवसभर अविश्वास करून तो माणूस दमलेला होता. लोखंडावर वीस लिहिलंय ना, मग वीस. चार वाजल्यानंतर एवढी तरी चैन नको का माणसाला?

दांडी वर यायची तेव्हा उजवं टोक जरासं खाली झुकायचं. साहेब कमरेला थोडा पीळ देऊन ती समतल करायचे. पेटीची सवय असलेला हात, दुसरं काय, असं त्यांना वाटायचं. मुद्दा तो नव्हताच. दांडी घेऊन ताठ उभं राहिलं की छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. घरी जाताना पाय थरथरायचे आणि त्या थरथरण्याचंही त्यांना कौतुक वाटायचं. वाटेत कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. सांगायला कुणी नसायचं, म्हणून ते रविवारची वाट बघायचे.

रविवारी मात्र त्यांच्या तोंडाला खळ नसे. "उस्ताद म्हणाले, साहेब, तुमची पाठ म्हणजे पाठ आहे." उस्ताद असं काही बोलला नव्हता. "एक बाई आहे, रुंद खांद्यांची. हसवून हसवून पोट दुखवते." बाईनं त्यांना कधीच हसवलं नव्हतं. आत पाऊल टाकण्याआधी बाहेरच्या बाहेर कानावर पडलेली दोन-तीन वाक्यं ते जपून आणायचे आणि जणू त्यांनाच सांगितली असावीत अशी ताईला ऐकवायचे.

ताई सगळं ऐकून घ्यायची. एकदा मध्येच तिनं विचारलं, "आणि भांडत नाहीत का रे कधी तुझ्याशी?"

"छे! सगळी भली माणसं आहेत."

ताई म्हणाली, "बरं. मागची खोली रिकामीच आहे."

दुखणं आलं ते असंच, काही गाजावाजा न करता. दांडी खाली ठेवताना डाव्या कुल्ल्यात आतून कुणी चिमटा काढल्यासारखं झालं. साहेबांनी तो चिमटा झटकून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मोज्यासाठी वाकले आणि कुल्ल्यापासून मांडीच्या मागून, पोटरीवरून थेट करंगळीपर्यंत वीज गेली. मोजा हातात, पाय हवेत, अशा अवस्थेत ते पलंगाच्या कडेला किती तरी वेळ तसेच बसून होते. घरात दुसरं माणूस असतं तर ओरडले असते. ओरडण्यालाही ऐकणारं कुणी लागतं, नाहीतर ते नुसतंच आवाज काढणं होतं. म्हणून ते गप्प राहिले आणि त्या दिवशी एका पायात मोजा न घालताच बुटात पाय सारून निघाले.

मग त्या दुखण्यानं घरात मुक्कामच ठोकला. बसलं की जास्त. चाललं की जरा कमी. शिंक आली तर डोळ्यांपुढे काजवे. संडासात बसायचं म्हणजे आधी मनाची तयारी करायची. पाय मधूनच बधिर व्हायचा आणि करंगळी आपली की परक्याची हेच कळायचं नाही. शहाण्या माणसानं दांडी सोडली असती. साहेबांनी सोडली नाही. सोडली तर रविवारी सांगणार काय? आणि खरं सांगायचं तर नुसता ताईचा प्रश्न नव्हता. दिवसातला तो एक तास असा होता की त्यात आजूबाजूला माणसं असत, त्यांच्या घामाचा वास असे, प्लेटींचा आवाज असे. बोलत कुणी नव्हतं, पण असत तरी होतं. तो तास गेला असता तर दिवसाच्या दोन टोकांमध्ये फक्त पेटी उरली असती.

म्हणून ते जायचे. कंबरपट्टा करकचून बांधायचे, दात आवळायचे आणि उचलायचे. चेहरा भिंतीकडेच असल्यामुळे तो वेडावाकडा झाला तरी कुणाला दिसत नव्हता. निघताना लंगडणं लपवण्यासाठी बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करायचे, आणि नाडी बांधायला वाकता येत नसल्यामुळे ते सोंगही अर्ध्यावर सोडावं लागायचं.

शेवटी एका किराणा दुकानात त्यांना शिंक आली. हातातली पेटी सुटली, पितळी वजनं फरशीभर गडगडली आणि काटेसाहेब गल्ल्याची फळी धरून, डोळे मिटून उभे राहिले. दुकानदार धावत खुर्ची घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाची खुर्ची घ्यावीशी वाटली होती, तर बसताच येत नव्हतं.

ऑफिसनं रजा दिली. डॉक्टरांनी सायटिका हे नाव दिलं आणि फिजिओथेरपीला पाठवलं.

थेरपी देणारी मुलगी तरुण होती आणि तिला घाई नव्हती. तिनं सांगितलं, कमरेतून निघून पायाच्या टोकापर्यंत एक लांब नस जाते, ती चिडली आहे. अंथरूण धरायचं नाही, थोडं थोडं चालायचं. कळ अनावर झाली की जमिनीवर उताणं पडून पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या. दोन-तीन हलके व्यायाम दाखवले. मग विचारलं, "घरी कोण असतं?"

"बहीण."

"त्या शेक देतील ना?"

"ती फोनवर असते."

मुलीनं वर पाहिलं. तिनं त्यांना आरशासमोर उभं केलं. कितीतरी दिवसांनी साहेबांनी स्वतःला नीट पाहिलं. उजवा खांदा उतरलेला, कंबर डावीकडे सरकलेली. भिंतीवर वाकडी लावलेली तसबीर सरळ करावी तसं त्यांना स्वतःला सरळ करावंसं वाटलं.

"एका बाजूला जास्त भार घेता का तुम्ही?"

"पेटी असते. उजव्या हातात."

"आणि जिममध्ये?"

"तिथे दोन्हीकडे सारखा. वीस आणि वीस."

"उचलताना कुणी बघतं का तुम्हाला?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"मग कुणाला तरी बघायला सांगा. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही हो." तिनं ते सहज सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तिला काय माहीत, डोंगर चढा असं तिनं सांगितलं असतं तर ते सोपं होतं.

त्या रविवारचा फोन साहेबांनी जमिनीवर पडून घेतला. पोटऱ्या खुर्चीवर, नजर छताला. शिंकेची आणि पेटीची हकिकत ताईनं बोलता बोलता काढून घेतलीच.

"मग जेवणाचं कोण बघतंय?"

"मित्र आणतात ना." डबा खालच्या खानावळीतला होता, आणि तो आणायला ते कठडा धरून एकेक पायरी उतरत होते.

"असं? मग एक कर. पुढच्या रविवारी त्यांच्यातल्या एकाला बोलावून ठेव. त्याच्याशी बोलते मी दोन शब्द. माझ्या जिवाला बरं वाटेल. आणि ते नाही जमलं," ताईचा आवाज बदलला, "तर सोमवारी भाच्याला गाडी घेऊन पाठवते. आता तुझं काही ऐकायची नाही मी."

म्हणजे आठवड्याभरात एक माणूस पैदा करायचं होतं. नाहीतर मागची खोली, सायकल आणि कपडे धुण्याचं मशीन.

आठवडा त्यांनी हिय्या करण्यात घालवला. शनिवारी दुपारी ते घरातून निघाले. वाटेत दिव्याच्या प्रत्येक खांबाला हात टेकून जरा उभे राहत होते आणि बोलायचं वाक्य मनात घोळवत होते. 'जरा माझ्या पाठीकडे बघाल का?' साधं वाक्य. पण लहान मुलानं दुकानात काय आणायचं ते विसरू नये म्हणून पुटपुटत जावं, तसे ते पुटपुटत गेले.

जिमच्या बाहेर बाईचं हसणं ऐकू आलं. ते आत शिरले आणि हसणं थांबलं. उस्ताद सरळ बसला. साहेबांनी सवयीनं तळाच्या दोन प्लेटी कशाबशा ओढल्या, दांडीला लावल्या, आणि मग भिंतीकडे तोंड न करता माणसांकडे तोंड करून उभे राहिले.

"जरा बघाल का?" ते त्या बाईला म्हणाले. पाठीचा शब्द राहूनच गेला.

बाईनं हात पुसले. "काय बघू, काटेसाहेब?"

त्यांना वाटलं, नस नाही, पाठच मोडली. हे नाव इथे कुणालाही माहीत नव्हतं. निदान आजवर त्यांची तशी समजूत होती.

"तुम्ही मला ओळखता?"

"ओळखत नाही तर! दर वर्षी येऊन माझ्या बेकरीचा काटा तपासून जाता. पलीकडच्या गल्लीतली बेकरी माझी." तिनं डोक्यावर दोन्ही हातांनी टोपी घातल्याचा अभिनय केला. "टोपी आणि ॲप्रन असतो म्हणून ओळखलं नसेल. आणि तुम्ही तोंडाकडे बघता कुठे?"

"म्हणजे सगळ्यांना..."

"पहिल्या दिवसापासून," उस्ताद स्टुलावरून म्हणाला. "साहेब, आता तुम्हीच विषय काढलात म्हणून विचारतो. रागवू नका. तपासणी संपली का?"

"कसली तपासणी?"

"आमच्या प्लेटींची. इतके महिने एकीकडे जड, एकीकडे हलकी घालून उचलताय. आम्ही म्हटलं, असेल काहीतरी सरकारी पद्धत. मध्ये बोललो तर सील मारून जाल. म्हणून सगळे मूग गिळून बसलो."

साहेबांनी खाली दांडीकडे पाहिलं. डावीकडे पांढरा ठिपका, उजवीकडे पिवळा.

"जुन्या ओतकामाच्या आहेत," उस्ताद सांगू लागला. "वीस लिहिलंय, पण एकही वीस भरत नाही. म्हणून ठिपके दिलेत. पांढऱ्याबरोबर पांढरी, पिवळ्याबरोबर पिवळी. या दोघींच्या जोड्या फुटल्यात, म्हणून तळाशी पडून असतात. नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी सांगतो आम्ही."

"मला नाही सांगितलंत."

उस्तादनं बाईकडे पाहिलं, बाईनं उस्तादकडे. "तुम्हाला?" ती म्हणाली. "अहो, वजनाचं तुम्हाला कोण सांगणार? उद्या सोनाराला सोनं शिकवू का आम्ही?"

साहेबांना हसू आलं. त्या हसण्यानं पायात कळ गेली आणि कळेनं डोळ्यांत पाणी आलं. पण सगळं पाणी कळेचं नव्हतं. त्यांना ते सगळे तास आठवले, भिंतीकडे तोंड करून काढलेले. एक प्रश्न विचारायचा होता फक्त. ठिपका कशाचा, एवढाच. तो विचारला असता तर कुणीतरी उत्तर दिलं असतं, उत्तरात कुणीतरी चेष्टा केली असती, आणि रविवारी ताईला सांगायला एक खरी गोष्ट मिळाली असती. ते भिंतीला टेकले आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बोलून गेले. "फार दुखतंय हो. कधीपासून दुखतंय."

त्यानंतर कुणी आवाज खाली ठेवला नाही. उस्तादनं थेरपीपर्यंतची सगळी हकिकत काढून घेतली आणि त्यांना चार शब्द सुनावले, पट्टा बांधून दुखणं दाबतात का म्हणून. बाईनं फर्मान काढलं की आधी खरं-खोटं होऊन जाऊ दे. उस्तादनं दोन्ही प्लेटी दोन काखांत मारल्या आणि तिघांची वरात बेकरीकडे निघाली. साहेबांसाठी दोघंही सावकाश चालत होते. आपल्यासाठी कुणी सावकाश चाललंय, ही गोष्ट साहेबांना इतकी नवी होती की त्यांनी उगीचच एकदोनदा थांबून पाहिलं.

बेकरीत मागच्या बाजूला पिठाच्या पोत्यांचा मोठा काटा होता. त्यावर तपासणीत बरोबर ठरल्याचा, साहेबांच्याच हातचा शिक्का होता. पांढऱ्या ठिपक्याची प्लेट वीसच्या खाली राहिली, पिवळ्याची वर गेली. फरक सव्वा किलोहून जास्त. सगळा दोष त्या सव्वा किलोचा नव्हता, हे साहेबांनाही कळत होतं. पेटी होतीच, दुखत असताना केलेला हट्टही होता. पण पीळ कुठून यायचा ते आता समजलं.

"आता महिनाभर रिकामी दांडी," उस्तादनं बजावलं. "तीसुद्धा त्या थेरपीवाल्या बाई हो म्हणाल्या तर. आणि आरशासमोर. कोपरा बंद." जिम उघडी टाकून आल्याची आठवण होऊन तो प्लेटी घेऊन निघून गेला.

बाईनं टोपी आणि ॲप्रन चढवला, दुकानाचा पडदा सारला आणि गरम पाव फोडून साहेबांच्या हातात दिला. बसता येत नव्हतं म्हणून ते गल्ल्याला टेकून उभ्यानं खात होते. आयुष्यात कुठल्या दुकानात त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ती बोलत होती, पहाटेच्या भट्टीबद्दल, खांद्याच्या जुन्या दुखण्याबद्दल. साहेब तिच्या तोंडाकडे बघत होते. उद्याचं वाक्य ओठांवर आलं होतं. 'उद्या माझ्या बहिणीशी फोनवर दोन शब्द बोलाल का?' ही बाई हो म्हणाली असती. खात्री होती.

आणि त्यांची नजर गल्ल्यावरच्या छोट्या काट्यावर गेली. ताटली रिकामी होती. आकडा पंधरा ग्रॅम दाखवत होता.

साहेबांनी नजर वळवली. पाव चावला. पुन्हा पाहिलं. पंधराच. काही नाही, पंधरा ग्रॅम म्हणजे एक बिस्किट. आज रजा आहे, पेटी घरी आहे, हातात हिचाच पाव आहे. आजच्या दिवस डोळा झाकला तर आभाळ कोसळणार आहे का? बोललो तर उद्या फोनवर कुणी नाही आणि सोमवारी भाचा दारात. हे सगळं त्यांच्या मनात आलं आणि ते सगळं खरं होतं.

"हा काटा शून्यावर नाही," ते म्हणाले.

बाई बोलता बोलता थांबली. "काय?"

"रिकामा आहे आणि पंधरा दाखवतोय. प्रत्येक गिऱ्हाइकाला पंधरा ग्रॅम कमी जातंय."

"पीठ साचलं असेल खाली."

"असेल. दुरुस्त होईपर्यंत त्यावर विकू नका."

"आज शनिवार आहे, साहेब! आत्ता गर्दी होईल संध्याकाळची!"

"विकू नका."

तिचा चेहरा लालबुंद झाला. "कमाल आहे तुमची! कमरेत वाकता येत नाही, पण डोळा मात्र काट्यावर! माझा पाव खाताय, माझ्या गल्ल्याला टेकलाय, आणि मलाच चोर ठरवताय?"

"चोर नाही म्हटलं मी. काटा चुकलाय म्हटलं."

"तेच ते! म्हणून कुणी बोलत नाही तुमच्याशी, कळलं? निघा इथून."

ते वर्मी लागलं. साहेबांनी उरलेला पाव काळजीपूर्वक गल्ल्यावर ठेवला आणि पाय ओढत दाराकडे निघाले. पायरीवर तोल गेला, चौकट धरली.

"थांबा!" मागून ओरड आली. ती तणतणत आली आणि एक लांब दांड्याची छत्री तिनं त्यांच्या हातात कोंबली. "टेकायला घ्या. वाटेत पडाल आणि तेही माझ्या नावावर जाईल. उद्या परत आणून द्या. नाही आणलीत तर घरी येऊन घेईन!" आणि तिनं धाडकन दार लावून घेतलं. काचेतून साहेबांना दिसलं, तिनं तो छोटा काटा उचलून उलटा केला होता आणि त्याच्या बुडाला ब्रश मारत होती.

रविवारी फोन वाजला तेव्हा साहेब जमिनीवर पडलेले होते, पोटऱ्या खुर्चीवर.

"दे तुझ्या मित्राला," ताई म्हणाली.

आत्ताच गेला, अंघोळीला गेलाय, दूध आणायला गेलाय. तिन्ही थापा तयार होत्या. साहेबांनी एकही मारली नाही.

"ताई, मित्र वगैरे कुणी नव्हते. थाप होती."

"ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं रे मला," ती हळूच म्हणाली. "इतकी गोड माणसं असतात का कुठे? एकही जण कधी तुझ्यावर चिडला नाही. जाऊ दे. उद्या भाच्याला..."

"काल भांडण झालं माझं."

"कुणाशी?"

"बेकरीवालीशी. जिममध्ये येते ती. रुंद खांद्यांची."

"खरंच झालं?"

"हाकलून दिलं तिनं मला दुकानातून."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ताई बसली असावी. "कशावरून रे?" तिनं विचारलं, आणि तिच्या आवाजात लहानपणीची, गल्लीतली भांडणं मिटक्या मारत ऐकणारी ताई आली.

साहेबांनी सगळं सांगितलं. ठिपके, सव्वा किलो, पाव, पंधरा ग्रॅम. काही वाढवून सांगावं लागलं नाही. ताई मध्ये मध्ये 'मग ती काय म्हणाली?' विचारत होती. एका ठिकाणी ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

"आणि ती छत्री?"

"भिंतीला टेकवलीय समोर."

"मग पडून काय राहिलायस? जा, देऊन ये. आजच जा. राग निवायच्या आत."

"पुन्हा ओरडेल ती."

"ओरडू दे की!" ताई म्हणाली आणि फोन ठेवलासुद्धा.

साहेबांच्या लक्षात आलं की मागच्या खोलीचं नाव आज तिनं काढलं नव्हतं. त्यांनी एकेक पोटरी खुर्चीवरून खाली घेतली, कुशीवर वळले, थेरपीवाल्या मुलीनं शिकवलं होतं तसे आधी गुडघ्यांवर आणि मग खुर्ची धरून उभे राहिले. कळ आली. जाईपर्यंत ते थांबले. मग छत्री घेतली आणि दार ओढून घेऊन जिना उतरू लागले.